कॉलेज मुलींचा सॉकर २०२४: कॉन्फरन्सची फायनल आणि ११ नोव्हेंबरची वाट

अंजनवेल | २८ ऑक्टोबर २०२४

क्रिकेटच्या धाग्यांच्या गर्दीत हा एक वेगळा. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. सांगलीत वाढले, घरात क्रिकेट आणि शाळेत खो-खो. लेक सहा वर्षांची असताना इथे न्यू जर्सीत शेजारीण तिला शनिवारच्या सॉकरला घेऊन गेली, आणि तेव्हापासून गेली चौदा वर्षं मी घडीची खुर्ची, थर्मास आणि छत्री घेऊन कुठल्या ना कुठल्या मैदानाच्या कडेला बसलेली आहे.

आता ती कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे. डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेजच्या खेळांतला सगळ्यात वरचा गट. सेंटर बॅक, म्हणजे बचावफळीच्या मधोमध. कॉलेजचं नाव देत नाही, तिने शपथ घातली आहे. ईशान्येकडचं लहानसं कॉलेज, कॉन्फरन्सही लहान. पण यंदा मुलींनी कमाल केली: १२ विजय, ३ पराभव, ३ बरोबरी. ऑगस्टमध्ये तर एका बड्या कॉन्फरन्सच्या टीमला त्यांच्याच मैदानावर १-१ असं रोखून धरलं. कॉन्फरन्समध्ये दुसऱ्या आल्या, त्यामुळे टूर्नामेंटला थेट सेमीफायनल. बुधवारी सेमी, रविवारी फायनल.

प्रश्न असा आहे की फायनल जिंकली तर एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या, ६४ टीममध्ये जागा पक्की, एवढं मला कळतं. पण फायनलला गेलो आणि हरलो तर? काही आशा असते का? लेकीला विचारलं तर म्हणते, "आई, आत्तापासून हरायचं बोलू नकोस." नवरा म्हणतो बघू. म्हणून इथे विचारते.

तालमीतला | २८ ऑक्टोबर

पहिल्यांदा अभिनंदन ताई! आम्ही कोल्हापूरचे, त्यामुळे फुटबॉलचा धागा दिसला की पाय आपोआप वळतात. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच बघत मोठे झालो, पण हे कॉन्फरन्स प्रकरण डोक्यावरून गेलं. लीग म्हणायची का ही? आणि लीग संपल्यावर परत टूर्नामेंट कशाला? लीगमध्ये पहिला आला तो पुढे गेला, विषय संपला, असं का नाही?

हिशेबनीस | २८ ऑक्टोबर

@तालमीतला, कॉन्फरन्स म्हणजे कॉलेजांचा गट. साडेतीनशेच्या आसपास कॉलेजं डिव्हिजन वनमध्ये मुलींचा सॉकर खेळतात. ती तीसेक कॉन्फरन्समध्ये विभागलेली आहेत. प्रत्येक कॉन्फरन्सच्या विजेत्याला एनसीएए स्पर्धेत थेट प्रवेश. उरलेल्या तीस-पस्तीस जागा निवड समिती देते, यंदाची यादी ११ नोव्हेंबरला येईल. विजेता कोण ते कॉन्फरन्सने ठरवायचं, आणि जवळपास सगळ्यांनी टूर्नामेंटचा मार्ग धरलाय. आयव्ही लीगवाले वर्षानुवर्षं तुमच्यासारखंच म्हणायचे, साखळीत पहिला तोच विजेता. २०२३ पासून त्यांनीही चार टीमची टूर्नामेंट सुरू केली.

@अंजनवेल, आता तुमचा प्रश्न. उत्तर लांब आहे, चहा घेऊन बसा.

समिती बघते त्यात सगळ्यात वजनदार आकडा म्हणजे आरपीआय. त्याचे तीन तुकडे. २५ टक्के तुमची स्वतःची जिंकण्याची टक्केवारी. ५० टक्के तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांची. आणि राहिलेले २५ टक्के, ते ज्यांच्याशी खेळले त्यांची. म्हणजे तुमच्या पेपरातले मार्क पावच धरायचे आणि बाकावर शेजारी बसणाऱ्यांचे अर्धे, तसला प्रकार. वर थोडे बोनस आणि दंड असतात. किती गोलांनी जिंकलात याला शून्य किंमत. १-० आणि ७-० सारखंच.

यात लहान कॉन्फरन्सची गोची होते. सप्टेंबरअखेरपासून तुम्ही आपापसातच खेळता. शेजारी कच्चे असले तर तुम्ही रोज जिंकूनही आकडा खाली येतो. याउलट एसीसी (ॲटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स) या बड्या कॉन्फरन्समधली एखादी मधली टीम हरत हरतही वर राहते, कारण ती ज्यांच्याकडून हरते ते सगळे दादा लोक असतात. एकच अट, एकूण रेकॉर्ड निम्म्याच्या खाली गेलं तर समिती तुम्हाला विचारातच घेत नाही.

आरपीआयच्या यादीत तुमचा नंबर आत्ता कितवा आहे?

अंजनवेल | २८ ऑक्टोबर

लेकीच्या मैत्रिणीच्या वडिलांनी सांगितलं ४९. ते रोज सकाळी बघतात, शेअर बाजार बघावा तसं.

हिशेबनीस | २८ ऑक्टोबर

४९ म्हणजे उंबऱ्यावर. पहिल्या तिसात असता तर शांत झोपा म्हणालो असतो. साठीच्या पुढे असता तरी तेच म्हणालो असतो, वेगळ्या कारणाने.

टाचणी | २९ ऑक्टोबर

थोडं कडू बोलते, दिवा घ्या. थेट प्रवेश मिळालेल्या कितीतरी टीम पहिल्या फेरीत पाच-सहा गोल खाऊन घरी येतात. पहिली फेरी सीडवाल्या, म्हणजे आधीच मानांकन मिळालेल्या टीमच्या मैदानावर असते, म्हणजे विमानाने जायचं, नव्वद मिनिटं मार खायचा आणि परत. २०२२ पासून तर १६ ऐवजी ३२ टीमना सीड देतात. म्हणजे पहिल्या फेरीतली प्रत्येक मॅच एका सीडवाल्या टीमशीच. यात कोणाचं भलं होतं?

तालमीतला | २९ ऑक्टोबर

@टाचणी, आमच्याकडे नवीन तालमीची टीम वरच्या गटात आली की पहिल्या मॅचला पाच गोल खाते. त्या मॅचला गर्दी बघा एकदा. अख्खी गल्ली असते.

कॅरीकर | २९ ऑक्टोबर

मी नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला राहतो. इथलं वेकमेड सॉकर पार्क माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर. एसीसीची टूर्नामेंट इथे असते आणि यंदा डिसेंबरमध्ये कॉलेज कप, म्हणजे शेवटच्या चार टीमही इथेच. कोणाला यायचं असेल तर घर मोकळं आहे, बायको साबुदाण्याची खिचडी उत्तम करते.

@तालमीतला, तुमच्यासाठी एक गंमत. कॉलेजच्या मॅचला घड्याळ उलटं चालतं. ४५ पासून शून्यापर्यंत. मैदानाच्या फलकावरचं घड्याळ हेच अधिकृत, रेफ्रीच्या मनगटावरचं नाही. गोल झाला, कार्ड निघालं की घड्याळ थांबतं. शेवटचे दहा सेकंद लोक मोठ्याने मोजतात आणि भोंगा वाजला की संपलं.

तालमीतला | २९ ऑक्टोबर

काय सांगता! इंज्युरी टाइम नाही? मग शेवटच्या पाच मिनिटांत रेफ्रीच्या नावाने शिमगा कसा करायचा?

कॅरीकर | २९ ऑक्टोबर

२०२२ ची फायनल मी इथेच स्टँडमध्ये बसून पाहिली. पंचाहत्तराव्या मिनिटाला नॉर्थ कॅरोलायना २-० पुढे. आमच्या पुढच्या रांगेतले लोक निळे स्कार्फ हलवत नाचत होते. ऐंशीव्या मिनिटाला यूसीएलएने एक फेडला. मग घड्याळात १६ सेकंद उरलेले असताना कॉर्नरवर दुसरा. अख्खं स्टेडियम गप्प. आणि जादा वेळेत तिसरा, ३-२. यूसीएलएच्या कोच मार्गरीट आओझासा यांचं ते तिथलं पहिलंच वर्ष होतं. तुमच्या इंज्युरी टाइमला हे जमेल का? १६ सेकंद आहेत हे प्रत्येकाला दिसत असतं, त्यातच मजा.

अंजनवेल | ३० ऑक्टोबर, रात्री उशिरा

सेमी २-० जिंकलो!!! एक गोल माझ्या लेकीने अडवलेल्या चेंडूवरून झाला. ती म्हणते तसं काही नव्हतं. मी म्हणते होतं.

अवांतर: मॅच इथे संध्याकाळी सातला, म्हणजे सांगलीत गुरुवारी पहाटे साडेचारला. नरक चतुर्दशी. माझ्या सासूबाई अभ्यंगस्नानासाठी उठलेल्याच होत्या. इएसपीएन प्लसवर मॅच असते, पण ते तिकडे लागत नाही. मग मी स्टँडमधून व्हिडिओ कॉल लावते, फोन थर्मासला टेकवून. त्या अंगाला उटणं लावलेल्या, समोर फोन, आणि पहिला गोल झाला तेव्हा त्यांनी पायाखाली कारीट फोडलं. म्हणाल्या, नरकासुर गेला, आता रविवारी उरलेला बघू.

मांडवीकाठ | ३१ ऑक्टोबर

आजींना साष्टांग नमस्कार. आम्ही गोव्याचे, आम्हाला फुटबॉल सांगायला नको, पण मुलींची मोठी मॅच मी पहिल्यांदा बघितली ती २०२२ मध्ये फातोर्ड्याला. सतरा वर्षांखालच्या मुलींच्या वर्ल्ड कपच्या दोन्ही सेमीफायनल तिथे झाल्या. कोलंबिया आणि नायजेरिया ०-०, मग पेनल्टी, कोलंबिया ६-५. शेवटची किक घ्यायला जाणाऱ्या त्या पोरींचे चेहरे आठवले की अजून पोटात गोळा येतो. सोळा वर्षांच्या मुली हो!

रविवारी पेनल्टीपर्यंत जाऊ नये एवढीच प्रार्थना.

हिशेबनीस | १ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजनाच्या शुभेच्छा सर्वांना.

@मांडवीकाठ, पेनल्टीचं नाव काढलंत म्हणून एक नियम सांगतो, तो बऱ्याच पालकांना माहीत नसतो. २०२२ पासून साखळीत जादा वेळ बंद झाला, ९० मिनिटांत बरोबरी असेल तर बरोबरी. टूर्नामेंटमध्ये मात्र दहा-दहा मिनिटांचे दोन डाव पूर्ण खेळायचे. पूर्वी पहिला गोल झाला की मॅच संपायची, ते आता नाही. त्यातूनही सुटलं नाही तर पेनल्टी. आणि पेनल्टीवर निकाल लागला तरी रेकॉर्डमध्ये त्या मॅचची नोंद बरोबरी म्हणूनच होते. चषक एकाला मिळतो, पुढे एकच जाते, पण कागदावर दोघीही हरलेल्या नसतात.

एनसीएएची राष्ट्रीय फायनलसुद्धा लागोपाठ तीन वर्षं पेनल्टीवर सुटली होती. २०१९ ला स्टॅनफर्ड, २०२० चा हंगाम कोविडमुळे २०२१ च्या वसंतात झाला त्यात सांता क्लारा, आणि २०२१ ला फ्लोरिडा स्टेट.

अंजनवेल | ३ नोव्हेंबर, सकाळ

निघालो. तीन तासांचा रस्ता. मैदान पहिल्या नंबरच्या टीमचं. डब्यात चकल्या आणि लाडू घेतलेत, आज भाऊबीज आहे आणि माझा भाऊ सांगलीत ओवाळून घ्यायला कोणी नाही म्हणून फोनवर रुसलाय. मॅच एकला.

अंजनवेल | ३ नोव्हेंबर, १:२०

बाराव्या मिनिटाला कॉर्नरवर गोल खाल्ला. ०-१. वारा फार आहे. त्यांच्याकडे बँड आहे, आमच्याकडे मी आणि अकरा पालक.

तालमीतला | ३ नोव्हेंबर

बारा मिनिटं म्हणजे काहीच नाही ताई. अजून ७८ आहेत. उलट्या घड्याळात किती ते तुम्हीच बघा.

अंजनवेल | ३ नोव्हेंबर

१-१!!!! एकाहत्तराव्या मिनिटाला!!!!

मांडवीकाठ | ३ नोव्हेंबर

वा रे वा! देवा महाराजा!

अंजनवेल | ३ नोव्हेंबर

जादा वेळ. लेकीच्या पोटरीला गोळा आलाय, पण उतरत नाहीये. हात थरथरतायत, चुका माफ करा.

अंजनवेल | ३ नोव्हेंबर

पेनल्टी.

कॅरीकर | ३ नोव्हेंबर

?

हिशेबनीस | ३ नोव्हेंबर

द्या त्यांना वेळ.

अंजनवेल | ३ नोव्हेंबर, रात्री

४-५. आमची तिसरी किक त्यांच्या गोलकीपरने अडवली. त्यांनी पाचही मारल्या.

घरी आलो. आता जरा लिहिता येतंय. माझी लेक यादीत सहावी होती. तिची पाळी आलीच नाही. त्यांच्या पाचव्या मुलीने चेंडू ठेवला तेव्हा माझ्या मनात एकाच वेळी दोन गोष्टी आल्या: देवा, ही चुकू दे. आणि देवा, मग माझ्या पोरीला मारावी लागेल. चेंडू आत गेला आणि क्षणभर, अगदी क्षणभर, मला हायसं वाटलं. हे मी तिला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

त्या मुली मैदानाच्या मधोमध हातात हात गुंफून उभ्या होत्या, त्या साखळीतून माझी सगळ्यात शेवटी सुटली.

आणि सासूबाई! रात्रीच आमचं घड्याळ एक तास मागे गेलं ना. मी त्यांना कळवायला विसरले. त्या साडेदहापासून फोन समोर घेऊन बसलेल्या, मॅच तिकडे साडेअकराला सुरू झाली. संपली तेव्हा तिकडे दीड वाजून गेला होता. एवढंच म्हणाल्या, "मग हरल्या म्हणायचं का?" मी म्हटलं, कागदावर नाही. त्या म्हणाल्या, "मग रडते कशाला?"

मांडवीकाठ | ४ नोव्हेंबर

ताई, ते हायसं वाटणं कोणत्याही आईला वाटेल. मनाला लावून घेऊ नका.

टाचणी | ४ नोव्हेंबर

मी मागे कडू बोलले होते, पण काल रात्री पाच मिनिटांनी धागा ताजा करत होते, हे कबूल करते.

हिशेबनीस | ४ नोव्हेंबर

आता कामाचं बोलू. अजून संपलेलं नाही.

१३ विजय, ३ पराभव, ४ बरोबरी. कालची मॅच आरपीआयमध्ये बरोबरी म्हणून जाणार. वरच्या टीमशी, तिच्याच मैदानावर बरोबरी. हे वाईट नाही. माझ्या अंदाजाने ४७-४८ वर याल.

समिती आरपीआयबरोबर आणखी काय बघते? ज्यांच्याशी तुलना चालू आहे त्यांच्याशी तुम्ही थेट खेळलात का, समान प्रतिस्पर्ध्यांशी कसे खेळलात. त्यानेही सुटलं नाही तर आधीच निवडल्या गेलेल्या टीमशी तुमची कामगिरी आणि शेवटचे आठ सामने. शेवटच्या आठमध्ये तुम्ही कशा आहात?

अंजनवेल | ४ नोव्हेंबर

सहा विजय, दोन बरोबरी. ऑगस्टमधली ती १-१ चालेल का कुठे? ती टीम आत येईल असं सगळे म्हणतात.

हिशेबनीस | ४ नोव्हेंबर

तुमच्या पोतडीत तेच एक नाणं आहे. चालेल की नाही ते बघू. अडचण अशी की तुमच्या आजूबाजूला ४० ते ५५ मध्ये ज्या मोठ्या कॉन्फरन्सच्या टीम आहेत, त्यांच्याकडे अशी चार-पाच नाणी आहेत. त्यांना दर गुरुवारी आणि रविवारी संधी मिळते. बिग टेन कॉन्फरन्स आता १८ कॉलेजांची झालीय. तुम्हाला अख्ख्या हंगामात दोनदा मिळाली, एकदा हरलात, एकदा बरोबरी.

आणि दुसरी धास्ती म्हणजे जागा पळवणारे. काही कॉन्फरन्समध्ये एक तगडी टीम असते, जी हरली तरी समिती तिला घेणारच. तिची टूर्नामेंट दुसऱ्याच कोणी जिंकली की तिथून एकाऐवजी दोन टीम आत. ती दुसरी जागा कुठून येते? तुमच्यासारख्यांच्या ताटातून. त्यामुळे हा आठवडाभर सगळीकडे पहिल्या सीडनेच जिंकावं अशी प्रार्थना करा.

अंजनवेल | ७ नोव्हेंबर

आयुष्यात ज्या गावांची नावं ऐकली नव्हती तिथल्या कॉलेजांसाठी मी देव पाण्यात घालून बसलेय. ऑफिसच्या मीटिंगमध्ये एका कानात इअरफोन. काल एका टीमसाठी टाळ्या वाजवल्या आणि मग कळलं की तिनेच हरायला हवं होतं.

लेक मात्र शांत. प्रॅक्टिस चालू आहे. मॅच असेल की नाही माहीत नाही, तरी रोज पळायचं. कोच म्हणालेत, सोमवारपर्यंत आपला हंगाम चालू आहे. मला वाटतं सगळ्यात अवघड हेच. हरलेली टीम दुसऱ्या दिवशी बूट धुऊन ठेवते. या मुलींना ना धड धुता येत, ना खेळता येत.

तालमीतला | ८ नोव्हेंबर

त्रिशंकू म्हणतात याला.

कॅरीकर | १० नोव्हेंबर

एसीसीची फायनल बघून आत्ता आलो. एक विनोद सांगतो. पॅक-१२ कॉन्फरन्स फुटली, त्यामुळे यंदापासून पॅसिफिकच्या काठावरचं स्टॅनफर्ड ॲटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये खेळतं. यूसीएलए आणि यूएससी बिग टेनमध्ये, ज्यात दहा सोडून अठरा आहेत. भूगोल आणि गणित दोन्ही विषयांत नापास. पैसा टीव्हीवरच्या अमेरिकन फुटबॉलचा, आणि सॉकरच्या मुली परीक्षेच्या आठवड्यात खंड ओलांडत फिरतात.

टाचणी | १० नोव्हेंबर

आणि दादा लोक एकत्र आले की एकमेकांशीच खेळून एकमेकांचा आरपीआय वाढवणार. @अंजनवेल यांच्या लेकीची टीम बाहेरून काचेला नाक लावून बघणार. मी २९ तारखेला म्हणत होते की लहान कॉन्फरन्सना थेट प्रवेश कशाला. मागे घेते. तोच एक दरवाजा उरलाय, तोही बंद केला तर काय राहिलं?

हिशेबनीस | १० नोव्हेंबर, रात्री

सगळे निकाल आले. दोन ठिकाणी धक्के बसले. तुम्ही माझ्या हिशेबात ४८. खरं सांगू का? माझ्या यादीत तुम्ही बाहेर राहिलेल्यांत तिसऱ्या आहात. माझी यादी दरवर्षी दोन-तीन ठिकाणी चुकते. चुकावी.

अंजनवेल | ११ नोव्हेंबर

उद्घोषणा दुपारी चारला. सगळी टीम कॉलेजच्या एका हॉलमध्ये पडद्यासमोर बसणार आहे. आम्हा पालकांना बोलावलंय, पण मी ऑफिसात. सांगलीत रात्रीचे अडीच. सासूबाईंना मी सांगितलं नाही, झोपू देत.

अंजनवेल | ११ नोव्हेंबर, ५:१०

नाही आलं.

तालमीतला | ११ नोव्हेंबर

अरेरे.

मांडवीकाठ | ११ नोव्हेंबर

🙏

अंजनवेल | १२ नोव्हेंबर

काल लिहवलं नाही. लेकीने फोनवर सांगितलं ते असं. नावं एकेका चौकोनातून येत जातात. १६-१६ टीमचे चार भाग. पहिला भाग संपला, दुसरा संपला. तिसऱ्यात आमच्या कॉन्फरन्सच्या विजेत्या टीमचं नाव आलं, हॉलमध्ये दोन-तीन जणींनी टाळ्या वाजवल्या. म्हणाली, "आई, आम्ही त्यांच्याशी १-१ होतो गं." चौथ्या भागात शेवटचे दोन चौकोन उरले तेव्हा कोणीतरी तिचा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. मग पडदा बंद झाला आणि कोचने पडद्याकडे पाठ करून त्यांच्याशी बोलायला सुरुवात केली. काय बोलले ते तिला आठवत नाही. शेवटच्या वर्षाच्या सहा मुली होत्या. त्यांचं संपलं. शेवटच्या स्पर्धात्मक मॅचचा निकाल कायमचा "बरोबरी".

संध्याकाळी सगळ्यांनी मिळून पिझ्झा खाल्ला आणि लायब्ररीत गेल्या, बुधवारी तिचा ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा पेपर आहे.

हिशेबनीस | १२ नोव्हेंबर

तुमच्या जागी कोण गेलं असेल ते मी रात्री बसून शोधत होतो. मग थांबलो. शोधून करायचं काय! पण एक सांगतो, ऑगस्टमध्ये आणखी एक मोठी टीम वेळापत्रकात असती आणि तिथे नुसती बरोबरी जरी झाली असती, तरी मी आज तुमचं नाव आतल्या बाजूला लिहिलं असतं. आपापसातल्या विजयांनी जे होत नाही ते सुरुवातीच्या तीन आठवड्यांत करून ठेवावं लागतं. लहान कॉलेजच्या कोचची खरी परीक्षा वेळापत्रक आखतानाच असते. मोठ्या टीमना घरी बोलावलं तर त्या येत नाहीत, म्हणून यांनीच बसने जायचं.

कॅरीकर | १० डिसेंबर २०२४

धागा वर काढतोय. काल रात्री फायनल बघितली. शेवटच्या चारही टीम एसीसीच्या: ड्यूक, नॉर्थ कॅरोलायना, स्टॅनफर्ड, वेक फॉरेस्ट. @टाचणी, तुमचं भाकीत. शुक्रवारी नॉर्थ कॅरोलायनाने ड्यूकला ३-० उडवलं आणि काल वेक फॉरेस्टला १-०. दोन्ही कॉलेजं याच राज्यातली, त्यामुळे पार्किंगलाच अर्धा तास.

नॉर्थ कॅरोलायनाचं हे एनसीएएचं बाविसावं विजेतेपद. १९८२ पासून मुलींची ही स्पर्धा आहे, म्हणजे निम्म्याहून अधिक त्यांचीच. आणि आधीची एकवीस एकाच कोचची, अँसन डोरन्स. ते यंदा ऑगस्टमध्ये, हंगाम तोंडावर आलेला असताना निवृत्त झाले. हंगामी कोच डेमियन नाहास यांनी टीम सांभाळली आणि जिंकून दाखवली. १९९१ चा मुलींचा पहिला वर्ल्ड कप अमेरिकेने जिंकला तोही डोरन्स यांच्याच हाताखाली. आता आपल्या कामाची गोष्ट: डोरन्स यांचा जन्म १९५१ चा, मुंबईचा.

तालमीतला | १० डिसेंबर

मुंबईचा!! म्हणजे बावीसपैकी एकवीस विजेतेपदं महाराष्ट्राच्या खात्यात. लिहून ठेवा रे कोणीतरी.

मांडवीकाठ | १० डिसेंबर

१९५१ ला मुंबई राज्य होतं, महाराष्ट्र नव्हता. :)

तालमीतला | १० डिसेंबर

आला बघा मापं काढायला.

अंजनवेल | २१ डिसेंबर

लेक सुट्टीवर घरी आली आहे. फायनल तिने तिकडे हॉस्टेलवरच सगळ्यांबरोबर पाहिली. मला वाटलं होतं बघणार नाही. काल रात्री बेसन भाजत होते तेव्हा ओट्यावर बसून म्हणाली, पुढच्या ऑगस्टचं वेळापत्रक जवळजवळ ठरलंय. पहिल्या तीन आठवड्यांत तीन मोठ्या टीम, तिन्ही त्यांच्याच मैदानावर. हिशेबनीस, तुमचा धागा कोचने वाचला की काय!

मग हळूच म्हणाली, "आई, मी आता पेनल्टीच्या यादीत पहिल्या पाचात येणार आहे. मीच मागून घेतलं." मी बेसन हलवत राहिले, जरा जास्तच लाल झालं.

आज सकाळी सासूबाईंना फोन केला, ऑगस्टचं सांगितलं. त्यांनी कॅलेंडर काढलं. म्हणाल्या, संध्याकाळची मॅच असली तर इकडे किती वाजता? म्हटलं, पहाटे साडेचार. त्या म्हणाल्या, "नक्की ना? की मधे परत घड्याळ हलवणार तुम्ही?"